अर्धचंद्र

बास ड्रमवर नाव हवं होतं.
रोल्यामागच्या गल्लीत सिल्हेटचा नूरुल
लिपी न वाचता कुठल्याही भाषेतलं स्टिकर कापून द्यायचा.
त्यानं आमच्या चिठ्ठीवरून 'बँड' कापला,
पण चंद्र मागच्या कागदालाच चिकटून राहिला.
उरलं ते : बंड.

पंचवीस दिरहमात जाहीरनामा मिळाला आम्हाला.

सतरा-अठराची वयं. मुबीन पारकर ड्रमवर,
एल्रॉय तुस्कानो गिटारवर, निहारा गायला,
मी बासवर, म्हणजे जो भिंतीला टेकून उभा असतो तो.
तालीम एल्रॉयच्या मामाच्या गोदामात,
एसीच्या पत्र्याच्या नळ्यांमध्ये.
आवाज त्यांतून फिरून परत यायचा
आणि आम्हाला वाटायचं, श्रोते आहेत.

शत्रू भरपूर होते, सगळे घरातलेच :
बापाचा टाय, आईचं गावाकडे लांबलेलं फोनवरचं हसू,
'टाकीतल्या पाण्यासारखं कोमट आयुष्य'
(ही ओळ निहाराची, आता ती कबूल करत नाही).
मंडळाच्या गणपतीत दुसऱ्याच गाण्याला
सचिवांनी प्लग उपटून अर्धचंद्र दिला.
मुबीन म्हणाला, चला, हरवलेला सापडला.

शारजाबाहेर एक भाग आहे, नाव सजा.
एवढा आयता श्लेष कोण सोडतो?
तिथे न जाताच गाणं झालं,
सात कडवी, प्रत्येकात साखळदंड.
मग एका शुक्रवारी खरंच बोलावणं आलं,
कामगारांच्या मेसमध्ये, जेवणं उरकल्यावर.
तिसऱ्या कडव्याला परांची बांधणारा सिद्राम,
उमरग्याकडचा, उठून पुढे आला.
"पोरांनो, दिवसभर ब्रेकर ऐकतो आम्ही.
जरा हळू काही आहे का?"

नव्हतं.
आमच्याकडे हळू काहीच नव्हतं.

मग त्यानंच त्याची खोली दाखवली.
खिडकीत रंगाच्या डब्यात पुदिना.
"दुसऱ्यांदा फुटलाय," म्हणाला,
आणि चुरगळलेलं पान प्रत्येकाच्या नाकाशी धरलं.
साखळदंड कुठे बसवायचा, कळेना.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
एल्रॉयनं सहा महिने काही लिहिलं नाही.
मुबीन काठ्या ठेवून ब्रश वापरू लागला.
यावर आम्ही भांडलो, कपबशा फुटेस्तोवर :
हे शहाणपण, की नुसती दमणूक?
अजून ठरलेलं नाही.

मग माझ्या बापाचा व्हिसा रद्द झाला.
एकोणतीस वर्षं होती, आवरायला तीस दिवस.
कपाटात अकरा टाय, सगळे गाठ मारलेलेच.
त्याला गाठ येतच नव्हती.
पहिल्या नोकरीत रामोन नावाच्या सहकाऱ्यानं मारून दिली,
पुढे नवा टाय घेतला की त्याच्याकडेच न्यायचा,
आणि रोज सैल करून डोक्यावरून काढायचा,
जपून, गाठ न सोडता.
मी त्यावर 'गळफास' हा शब्द वापरला होता. यमक छान जुळलं होतं.
विमानतळावर बॅगा मोजता मोजता तो म्हणाला,
"तुझं ते टायचं गाणं... चाल बरी होती."

आता ते गाणं आठ ओळींचं आहे.
पाचवीनंतर चार मात्रा कुणीच वाजवत नाही.
तेवढ्यात गोदामातला एसी ऐकू येतो,
आणि निहारा श्वास घेते, तोही.
एवढं करायला आम्हाला दोन वर्षं लागली.

ड्रमवर बंडच आहे अजून. कडा सुटल्यात.
नूरुलचं दुकान उठलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
यंदा रमजानच्या शेवटच्या संध्याकाळी
मुबीन गच्चीवरून ओरडला, दिसला! दिसला!
आम्ही वायरी तशाच टाकून जिन्यानं वर धावलो.
मला दिसेना. टॉवर, धूळ, एक क्रेन.
"अरे तिकडे नाही," म्हणून त्यानं
माझ्या मानेवर मागून पंजा ठेवला
आणि हळूच वळवली,
जरा डावीकडे, जरा खाली.